एक खोरे, एक पर्जन्यमापक आणि जागतिक डेटा: दुरुस्ती कुठवर करायची?

एका नदीखोऱ्याच्या जलविज्ञान अभ्यासाला १९९१ ते २०२० अशा तीस वर्षांचा रोजचा पाऊस आणि रोजचे कमाल-किमान तापमान हवे होते. खोरे ४०० चौरस किलोमीटरचे. पश्चिमेला उंच डोंगररांग, पूर्वेकडे उतरत जाणारी दरी आणि दरीच्या तळाशी, समुद्रसपाटीपासून ६२० मीटरवर, एकच हवामान केंद्र. त्याच्या नोंदी २००४ ते २०१७ या चौदाच वर्षांच्या. उरलेली सोळा वर्षे भरायची तर जागतिक डेटा वापरणे भाग होते, आणि तो जसाच्या तसा वापरू नये, आधी केंद्राच्या नोंदींशी ताडून दुरुस्त करावा, इतके अभ्यासगटातल्या सगळ्यांना मान्य होते.

हे खोरे आणि त्यातले आकडे मी उदाहरणासाठी रचले आहेत. डेटासंच, त्यांच्या खोडी आणि दुरुस्तीच्या पद्धती मात्र खऱ्या आहेत, आणि असे खोरे हाताळणाऱ्या कुणालाही त्या ओळखीच्या वाटतील.

जागतिक डेटा म्हणून ईआरए५-लँड निवडला गेला. युरोपातील ईसीएमडब्ल्यूएफ ही संस्था तो तयार करते. १९५० पासूनचा, दर तासाचा आणि सुमारे ९ किलोमीटरच्या चौकटींचा हा डेटा फुकट मिळतो. याला पुनर्विश्लेषण म्हणतात: हवामानाचे प्रारूप (संगणकावरचे गणिती मॉडेल) आणि जगभरची निरीक्षणे यांची सांगड घालून भूतकाळातले हवामान पुन्हा उभे करायचे. ईआरए५-लँडमध्ये निरीक्षणे थेट घेतली जात नाहीत. ती त्याच्या मूळ संचात, म्हणजे ३१ किलोमीटरच्या ईआरए५ मध्ये, आधीच मुरलेली असतात. शिवाय ईआरए५-लँडमधला पाऊस हा ३१ किलोमीटरच्या पावसाचेच अंतर्वेशन आहे, म्हणजे मोठ्या चौकटींमधले आकडे लहान चौकटींवर गणिताने पसरवलेले. ९ किलोमीटरची चौकट पाहून डोंगराचा पाऊस बारकाईने टिपला असेल असे वाटते, पण तापमानाला जी उंचीची दुरुस्ती मिळते तशी पावसाला मिळत नाही. आपल्या ४०० चौरस किलोमीटरच्या खोऱ्यावर पावसाचे जे चित्र दिसते ते खरे तर मूळच्या एक-दोन मोठ्या चौकटींचे आहे.

पहिली तुलना वाईट निघाली. वार्षिक सरासरी पाऊस केंद्रावर १,०५० मिमी, ग्रिडमध्ये, म्हणजे ईआरए५-लँडच्या चौकटींत, १,६०० मिमी. रोजच्या पावसाचा सहसंबंध ०.३१ (१ म्हणजे चढउतारांची पूर्ण जुळणी, ० म्हणजे काहीच नाते नाही). कमाल तापमानात ग्रिड ३.१ अंशांनी थंड, किमान तापमानात ०.५ अंशांनी थंड. एक सोपा तोडगा लगेच सुचवला गेला: पावसाला ०.६६ ने गुणा, तापमानात १.८ मिळवा आणि पुढच्या कामाला लागा. असे केलेले अहवाल कमी नाहीत. इथे ते झाले नाही, त्याला कारण तो ०.३१ हा आकडा. गुणाकाराने बेरीज जुळते, पण सहसंबंध तसूभरही हलत नाही. म्हणजे गडबड फक्त प्रमाणात नव्हती, दिवसांतही होती.

दिवस कधी सुरू होतो

केंद्रावर पर्जन्यमापक रोज सकाळी ८ वाजता मोजला जात असे. हे ठिकाण यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, ५ तास पुढे आहे आणि ग्रिडचा दिवस ० यूटीसीला सुरू होतो, त्यामुळे ८ वाजता यूटीसीचे ३ वाजलेले असतात. १५ तारखेपुढे लिहिलेला पाऊस हा १४ च्या ३ यूटीसीपासून १५ च्या ३ यूटीसीपर्यंतचा. त्यातले २१ तास ग्रिडच्या १४ तारखेत मोडतात, फक्त ३ तास १५ तारखेत. दोन्हीकडे ‘१५’ लिहिले आहे म्हणून ओळीला ओळ जुळवली, तर आपण कालच्या पावसाची तुलना आजच्या पावसाशी करतो.

ईआरए५-लँडची आणखी एक खोड आहे. पावसाचा आकडा त्या तासाचा नसतो, तो ० यूटीसीपासून साचत आलेली बेरीज असतो. १५ तारखेच्या ० वाजताच्या आकड्यात १४ तारखेचा सगळा दिवस असतो. नुसत्या ईआरए५ मध्ये असे नाही, तिथे आकडा त्या वेळेला संपणाऱ्या एका तासाचा असतो. ईआरए५ साठी लिहिलेला प्रोग्राम ईआरए५-लँडवर चालवला की साचलेल्या चोवीस आकड्यांची बेरीज होते आणि पाऊस भलताच फुगतो. (तो मीटरमध्ये असतो हेही विसरू नये. हजाराने गुणायचे राहिले तर निदान लगेच कळते, एवढाच दिलासा.) केंद्राच्या १५ तारखेसाठी योग्य हिशोब असा: १५ च्या ० वाजताचा आकडा, त्यातून १४ च्या ३ वाजताचा वजा, आणि १५ च्या ३ वाजताचा अधिक.

एवढे केल्यावर सहसंबंध ०.३१ वरून ०.६४ वर गेला. ग्रिडमधला एकही आकडा ‘दुरुस्त’ केलेला नव्हता.

तापमानालाही हाच नियम लागतो. सकाळी ८ वाजता वाचलेले कमाल तापमान आदल्या दुपारचे असते, किमान मात्र त्याच पहाटेचे. वाचनाची वेळ किती महाग पडू शकते याचा धडा अमेरिकेच्या नोंदींनी दिला आहे. तिथल्या स्वयंसेवी केंद्रांवर पूर्वी संध्याकाळी वाचन होई, ते विसाव्या शतकात हळूहळू सकाळवर आले. संध्याकाळी वाचले की एखाद्या तापलेल्या दिवसाची उष्णता दोन दिवसांच्या कमालीत मोजली जाऊ शकते. सकाळी वाचले की थंड पहाट दोनदा मोजली जाते. नुसती वेळ बदलल्याने देशाच्या तापमानाच्या कलात खोटी घट शिरली, आणि ती काढण्यासाठी १९८६ मध्ये स्वतंत्र दुरुस्तीपद्धत प्रसिद्ध करावी लागली. तापमापक बिघडला नव्हता, प्रारूपही नव्हते.

केंद्राचीही झडती

ग्रिड संशयित आणि केंद्र साक्षीदार असे गृहीत धरून काम सुरू होते. साक्षीदाराची उलटतपासणी बहुतेकदा होत नाही. इथे दोन गोष्टी सापडल्या.

पहिली रविवारची. आठवड्याच्या वारांनुसार पावसाची सरासरी काढली तेव्हा २००८ पर्यंत रविवारची सरासरी इतर वारांच्या निम्म्याहूनही कमी होती आणि सोमवारची ठसठशीत जास्त. ढगांना वार कळत नाहीत. सुट्टीच्या दिवशी पर्जन्यमापक न वाचता सोमवारी दोन दिवसांचे पाणी एकत्र मोजले जात होते आणि रविवारी शून्य लिहिले जात होते. ऑस्ट्रेलियात २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हाच प्रकार तिथल्या उत्तम मानल्या गेलेल्या केंद्रांतही आढळला होता, म्हणून याला एखाद्या आळशी केंद्राची गोष्ट समजू नये. मासिक बेरजेला यामुळे धक्का लागत नाही, पण मोठ्या पावसाचे दिवस फुगतात आणि कोरडे दिवस वाढतात. उपाय साधा होता: संशयास्पद रविवार-सोमवारच्या जोड्यांवर खूण केली, त्या रोजच्या तुलनेतून वगळल्या आणि बेरजेत ठेवल्या. पाणी दोन दिवसांत अंदाजाने वाटून देण्याचा मोह टाळला.

दुसरी गोष्ट किमान तापमानाची. केंद्र वजा ग्रिड असा फरक वर्षानुवर्षे मांडला, तर २००९ पर्यंत तो शून्याच्या आसपास आहे आणि २०१० पासून एकदम ०.८ अंश. अशी पायरी ओळखायला अलेक्झांडरसन यांची १९८६ ची समांगता चाचणी वापरतात. इथे ती डोळ्यांनाही दिसत होती. पायरी कुणाची, केंद्राची की ग्रिडची, हा प्रश्न मात्र खरा होता. पुनर्विश्लेषणातही उड्या असतात, कारण नवा उपग्रह आला की त्यात मुरणारी निरीक्षणे बदलतात. उत्तर नोंदवहीच्या शेरा रकान्यात मिळाले: जानेवारी २०१० मध्ये तापमापकांची पेटी नदीकाठच्या मोकळ्या जागेतून कार्यालयाच्या आवारात हलवली होती. भिंती आणि फरशी दिवसभर तापतात, रात्री ती उष्णता सोडतात, म्हणून किमान वाढले आणि कमाल जवळपास तेच राहिले. २०१० नंतरच्या किमान तापमानातून ०.८ अंश वजा केले गेले.

हे केंद्र आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीत नव्हते, हा इथला फायदा. एखाद्या केंद्राच्या तापमानाच्या नोंदी जागतिक जाळ्यावरून ईआरए५ मध्ये आधीच गेलेल्या असतील, तर ग्रिड त्या केंद्राशी छान जुळतो आणि ती जुळणी ग्रिडच्या गुणवत्तेचा पुरावा म्हणून मांडली जाते. आपल्याच नोंदीशी आपलीच तुलना केली की निकाल चांगला येणारच.

उंचीचा हिशोब

केंद्र ६२० मीटरवर आणि त्याच्यावरच्या चौकटीची सरासरी उंची १,०५० मीटर. फरक ४३० मीटर. दर किलोमीटरला ६.५ अंश या प्रमाणित दराने ग्रिड २.८ अंशांनी थंड असायलाच हवा. कमाल तापमानातला फरक ३.१ होता, म्हणजे उरतो फक्त ०.३. प्रारूपाने कमाल तापमान उत्तम दिले होते, आपण ते चुकीच्या उंचीवर वाचत होतो.

किमान तापमानाने हा आनंद टिकू दिला नाही. पेटी हलवल्याची दुरुस्ती केल्यावर केंद्र आणि ग्रिड यांच्या किमानाचा वार्षिक फरक शून्यावर आला, जिथे २.८ अपेक्षित होता. महिन्यांनुसार पाहिल्यावर उलगडा झाला: पावसाच्या चार ढगाळ महिन्यांत ग्रिड २ अंशांनी थंड, उरलेल्या आठ महिन्यांत सरासरी १ अंशाने गरम. निरभ्र रात्री उतारावरची थंड, जड हवा दरीत उतरून साचते आणि तळ उतारापेक्षा गार होतो. ९ किलोमीटरच्या चौकटीत ती अरुंद दरीच नाही, मग तिच्यातली थंड हवा कुठून येणार? अशा रात्रींना ६.५ चा दर लावून ग्रिडला केंद्राच्या उंचीवर आणले असते, तर दरीचा तळ जवळजवळ ४ अंशांनी जास्त गरम दाखवला गेला असता. म्हणून कमाल तापमानाला एकच दर आणि किमान तापमानाला महिन्यागणिक वेगळी दुरुस्ती ठरली. तीही दरीच्या तळापुरती. उतारावरच्या पट्ट्यांना ती लावली नाही, कारण तिथे थंड हवा साचत नाही आणि तपासायला नोंदही नाही.

पाऊस, आणि नदीची हरकत

दिवस जुळले, रविवार बाजूला काढले, तरी १,०५० आणि १,६०० मधली दरी तशीच होती. पावसाचे दिवसही जुळत नव्हते: १ मिमी किंवा अधिक पावसाचे दिवस केंद्रावर वर्षाला ९८, ग्रिडमध्ये १७१. प्रारूपे रिमझिम जास्त पाडतात हे सर्वज्ञात आहे. पण त्या ७३ दिवसांतले काही दिवस दोष नसलेलेच असतात. चौकटीच्या कुठल्याही कोपऱ्यात सर आली की चौकटीची सरासरी शून्याच्या वर जाते, आणि केंद्र मात्र कोरडे राहते. एका बिंदूवर पावसाचे दिवस कमी आणि क्षेत्रावर जास्त, हे दोन्ही एकाच वेळी बरोबर असते.

तरीही नेहमीची पद्धत पूर्ण राबवली गेली. आधी उंबरठा: ग्रिडमध्ये ४.२ मिमीपेक्षा कमी पाऊस शून्य धरला की दिवस ९८ होतात. मग क्वांटाइल मॅपिंग. यात दोन्हीकडचे पावसाचे दिवस लहानापासून मोठ्यापर्यंत मांडतात आणि ग्रिडमधल्या ज्या क्रमांकावर जो आकडा आहे, त्याच्या जागी केंद्राच्या त्याच क्रमांकाचा आकडा ठेवतात. सरासरी, चढउतार, मोठ्या पावसाचे प्रमाण, सगळेच केंद्रासारखे होते. आठ वर्षांवर नाते बसवले आणि उरलेल्या सहा वर्षांवर तपासले, तिथेही सरासरी जुळली. आलेख सुरेख दिसत होते.

दुरुस्त पाऊस जलविज्ञान प्रारूपात गेला आणि प्रारूप नदीशी जुळेना. खोऱ्याच्या मुखाशी विसर्गमापन केंद्र आहे. त्याच चौदा वर्षांचा सरासरी विसर्ग ११.४ घनमीटर प्रतिसेकंद. वर्षभराचे हे पाणी ४०० चौरस किलोमीटरवर पसरले तर थर ९०० मिमीचा होतो. पाऊस १,०५० मिमी धरला, तर झाडे, माती आणि पाणी यांच्या बाष्पीभवनाला १५० मिमी उरतात. जंगल असलेल्या उबदार खोऱ्यात हे होत नाही. तिथल्या वनस्पती आणि तापमान पाहता ते ५०० ते ६५० मिमीच्या घरात असायला हवे. चौदा वर्षांच्या सरासरीत भूजलसाठ्याचा चढउतार नगण्य. म्हणजे खोऱ्यावर पाऊस १,४०० ते १,५५० मिमी पडला असलाच पाहिजे, सोयीसाठी १,५०० धरू.

आता आकडे शेजारी ठेवून पाहा. कच्चा ग्रिड १,६००, म्हणजे सात टक्के जास्त. दुरुस्त ग्रिड १,०५०, म्हणजे तीस टक्के कमी. दुरुस्तीने डेटा बिघडवला होता.

क्वांटाइल मॅपिंगमध्ये दोष नव्हता. तिने सांगितले तेच केले: खोऱ्याचा पाऊस दरीच्या तळासारखा करून दिला. केंद्र डोंगररांगेच्या आडोशाला आहे. पावसाळी वारे रांगेवर चढताना पाणी टाकतात आणि दरीत उतरताना कोरडे होतात. केंद्र स्वतःच्या जागेबद्दल खरे बोलत होते. त्याला अख्ख्या खोऱ्याच्या वतीने बोलायला आपण लावले. पडताळणीसाठी सहा वर्षे बाजूला ठेवली होती, पण ती त्याच केंद्राची होती, त्यामुळे ही चूक तिथे दिसण्याची सोयच नव्हती. वेगळ्या जागेचा किंवा वेगळ्या जातीचा पुरावा लागतो, आणि नदी हा तसा पुरावा आहे. डोंगराळ भागात विसर्गाची नोंद उपलब्ध असताना पावसाची दुरुस्ती तिच्याशी न ताडता वापरणे मला अक्षम्य वाटते. हा हिशोब पाटीवर करण्याइतका लहान आहे.

नदीच्या मोजमापातही खोट असते हे मान्य. पुरात विसर्ग थेट मोजला जात नाही, पाण्याच्या पातळीवरून वक्र पुढे ओढून काढला जातो. पर्जन्यमापकही वाऱ्यामुळे काही टक्के पाणी चुकवतो, त्यामुळे केंद्राचा खरा पाऊस १,१०० च्या जवळ असेल. दोन्ही चुका मोठ्या धरल्या तरी साडेचारशे मिमीची तूट भरत नाही.

दुसरे मत म्हणून चर्प्स या पावसाच्या डेटासंचाकडेही पाहिले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतल्या या संचाची दुसरी आवृत्ती १९८१ पासूनची, ०.०५ अंशांच्या चौकटींची, ५० अंश दक्षिण ते ५० अंश उत्तर अक्षांशांपुरती. उपग्रहाने टिपलेले थंड ढग आणि जमिनीवरची केंद्रे यांची सांगड त्यात आधीच घातलेली असते. तिथेही पाऊस रांगेकडे वाढत जात होता. रोजच्या आकड्यांसाठी मात्र तो वापरला नाही; त्याचा पाया पाच दिवसांच्या बेरजेवर आहे आणि दिवस नंतर वाटून दिलेले आहेत.

काय दिले, काय नाही

शेवटी दोन वेगळे संच तयार झाले. दरीच्या तळाशी शेतीचा अभ्यास करणाऱ्यांसाठी केंद्रबिंदूचा संच: उंबरठा, क्वांटाइल मॅपिंग, किमान तापमानाची महिनावार दुरुस्ती, सगळे असलेला. जलविज्ञान प्रारूपासाठी खोऱ्याचा संच: पावसाचे दिवस सकाळच्या ८ ला जुळवलेले, पण प्रमाण हात न लावता ठेवलेले. सात टक्के जास्ती काढून टाका असा आग्रह झाला. तो मानला नाही, कारण बाष्पीभवनाच्या अंदाजातली अनिश्चितता त्याहून मोठी आहे. फाइलमध्ये कच्चा आकडा, दुरुस्त आकडा आणि कुठली दुरुस्ती लागली त्याची खूण असे तीन रकाने शेजारी ठेवले, म्हणजे पटत नसेल त्याला मागे जाता येईल.

भविष्याच्या परिस्थितींसाठी सीएमआयपी६ ची, म्हणजे जगभरच्या संस्थांच्या एकत्रित प्रकल्पातली, जागतिक हवामान प्रारूपे वापरायची होती. त्यांच्या चौकटी बहुधा शंभर किलोमीटरच्या आसपास, आणि त्यांचा १५ जुलै हा खऱ्या १५ जुलैशी जुळावा अशी अपेक्षाच नसते, काहींचे वर्ष तर ३६० दिवसांचे असते. अशा प्रारूपाला थेट एका पर्जन्यमापकाशी क्वांटाइल मॅपिंगने बांधले, तर मोठ्या क्षेत्राचे संथ चढउतार ताणून बिंदूसारखे तीव्र केले जातात आणि भविष्यातला कलही सोबत ताणला जातो. त्यामुळे इथे फक्त बदल घेतला: तापमानाला महिनावार अधिक-वजा, पावसाला महिनावार गुणोत्तर, दोन्ही खोऱ्याच्या संचावर.

सांडव्यासाठी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या एका दिवसाच्या पावसाचा आकडाही मागितला होता. तो या संचांतून दिला नाही. केंद्राकडे पावसाचे दिवस चौदा वर्षांत सुमारे १,३७०, त्यातले सर्वांत मोठे एक टक्का म्हणजे तेरा-चौदा दिवस, आणि त्यांतले काही वगळलेले सोमवार. मॅपिंगचा वरचा सगळा भाग एवढ्यावर उभा आहे. त्यापुढचा आकडा हा डेटाचा नसून सूत्राचा असतो.

डोंगररांगेच्या माथ्याजवळ एक स्वयंचलित पर्जन्यमापक बसवावा, अशी शिफारस अहवालात आहे. नदीचा हिशोब बरोबर असेल आणि दरीत १,०५० मिमी पडत असेल, तर माथ्यावर सरासरी १,९०० मिमीच्या पुढे पाऊस सापडला पाहिजे. काही वर्षे सलग तो १,३०० च्या आसपास निघाला, तर खोऱ्याचा संच मागे घ्यावा लागेल आणि विसर्गाच्या वक्रापासून पुन्हा सुरुवात करावी लागेल.